तार चावडीपर्यंत आली, वस्तीपर्यंत केव्हा?

सरकारने ब्रॉडबँडवर खर्च केला की देशाची उत्पादकता वाढते, हे विधान गेली पंधरा वर्षे अर्थसंकल्पाच्या भाषणांतून, मंत्र्यांच्या मुलाखतींतून आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून आपण ऐकत आलो आहोत. विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या श्रमातून किती निपजते त्याचे माप. तेव्हा कोणत्या माणसाच्या, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही. जातीने ज्या देशात श्रमिकांचीच उतरंड रचली, त्या देशात 'सरासरी उत्पादकता' हा आकडा फार काही लपवू शकतो.

या देशातील सरकारी संदेशवहनाचा इतिहास लिहिणारे बहुधा ब्रिटिशांच्या पहिल्या तारेपासून सुरुवात करतात. आम्ही त्याच्या आधीपासून करू. महाराष्ट्राच्या गावात तार नव्हती, तेव्हा तारेचे काम महाराचे पाय करीत होते. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचे महाराने. पाटलाचा निरोप घेऊन लोकांना चावडीवर बोलवायचे महाराने. अंमलदार गावात आला की त्याच्यापुढे वाट दाखवत धावायचे महाराने. कुणाच्या घरी मयत झाली की दहा-वीस कोसांवरच्या सोयऱ्यांना सांगावा द्यायला उन्हापावसात निघायचे, तेही महारानेच. मोबदला काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. त्या तुकड्याची पिढ्यान्‌पिढ्या वाटणी होत गेली, आणि बलुते म्हणजे दारोदार हात पसरून मिळणारे धान्य नि शिळी भाकर.

आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत याला काय म्हणायचे? हे राज्ययंत्रणेचे संपर्कजाळे होते, आणि त्यात सरकारची गुंतवणूक जवळजवळ शून्य होती. त्या जाळ्यामुळे पाटील-कुलकर्ण्यांची आणि सरकारची उत्पादकता नक्कीच वाढली. बसल्या जागी वसुली होत होती, बसल्या जागी बातमी मिळत होती. ज्याच्या पायांवर हे चालले होते त्याचा दिवस मात्र रोज बुडत होता. बोलावणे कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचे. अशा माणसाने स्वतःचे शेत कधी कसायचे आणि रोजंदारीला कधी जायचे? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले त्यामागे हाच हिशेब होता. काम किती, मोबदला किती, आणि तो देणार कोण? ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

मग तार आली. १८५० च्या दशकात कलकत्त्याहून आग्रा, मुंबई, मद्रासपर्यंत तारा टाकल्या गेल्या. पैसा सरकारी, म्हणजे शेवटी या देशातल्या रयतेचा. १८५७ च्या उठावात त्या तारांनी कंपनी सरकारला काय दिले हे सर्वांना ठाऊक आहे. १८७० साली समुद्राखालून केबल मुंबईला येऊन पोचली आणि लंडनच्या बाजारातली बातमी मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर येऊ लागली. वऱ्हाड-खानदेशात कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र त्या दिवसाचा भाव कळत नव्हता. भाव कळणारा आणि न कळणारा यांच्यात सौदा झाला तर नफा कुठे जाणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

याच्या उलट काय घडते याचा एक चांगला पुरावा केरळात मिळतो. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने मच्छीमारांचा अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. फोन येण्याआधी एका बंदरावर मासे गिऱ्हाईक नाही म्हणून फेकून द्यावे लागत आणि त्याच वेळी शेजारच्या बंदरावर मासे कमी पडत. होडीतूनच भाव विचारता येऊ लागल्यावर नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला भाव सुमारे ४ टक्क्यांनी कमी पडला. होडी मच्छीमारांची होती आणि मासेही त्यांचेच होते, हे इथे विसरू नका. संपर्काचे साधन ज्याच्या हातात आले, विकायचा मालही त्याच्याच मालकीचा होता. दुसऱ्याच्या होडीवर मजुरी करणाऱ्याला यातले किती मिळाले असते, हा वेगळा प्रश्न आहे आणि आपल्या दृष्टीने तोच मोठा आहे.

आता विजेकडे वळू, कारण ब्रॉडबँडची खरी थोरली बहीण वीज आहे आणि तिच्या इतिहासात बाबासाहेब स्वतः आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीज विकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. बंगालात त्या वर्षी दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. अशा वेळी हा माणूस विजेवर बोलतो आहे! पण त्यांचे म्हणणे सरळ होते. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योगीकरण होणार नाही, आणि उद्योगीकरण झाले नाही तर जमिनीवर लोंबकळणारी माणसे दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत. वीज खाजगी हातात असावी की सरकारच्या, हा प्रश्नही त्यांनी तिथेच उपस्थित केला. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढे दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले, त्याची पायाभरणी याच काळातली.

त्याच्याही पंचवीस वर्षे आधी, १९१८ साली, भारतातील लहान शेतजमिनींवरच्या लेखात त्यांनी उत्पादकतेचा मुद्दा मांडला होता. आपल्या तरुणांनी तो लेख जरूर वाचावा. शेत लहान आहे म्हणून ते तोट्यात, असे तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते. बाबासाहेबांनी उलटा प्रश्न टाकला. त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारे किती, माणसे किती, आणि यांचे एकमेकांशी प्रमाण काय? एकच घटक वाढवला आणि बाकीचे तसेच ठेवले तर उत्पादन वाढत नाही. हेच सूत्र ब्रॉडबँडला लावून बघा. शंभर एमबीपीएसची लाइन आली पण घरात संगणक नाही, शिकवणारा मास्तर नाही, मराठीत धड साहित्य नाही आणि शिकून करायला काम नाही, तर ती लाइन बैलाविना पडलेल्या नांगरासारखी.

विजेचे पुढे काय झाले ते नीट बघण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर गावांचे विद्युतीकरण झाल्याचे आकडे वर्षानुवर्षे छापून येत राहिले. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. म्हणजे बागायतदाराच्या विहिरीवर पंप लागला की सगळ्या गावात उजेड पडला! १९९७ साली व्याख्या बदलून वीज लोकवस्तीत असली पाहिजे असे ठरले. पण लोकवस्ती म्हणजे कोणाची? खांब गावठाणात येऊन थांबायचे, आणि गावकुसाबाहेर रॉकेलची चिमणी मिणमिणत राहायची. अखेर २००४ साली केंद्र सरकारला व्याख्येत स्पष्ट लिहावे लागले की रोहित्र आणि वितरणाच्या तारा गावाच्या वस्तीत तसेच दलित वस्ती असेल तिथे असल्याच पाहिजेत, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज असली पाहिजे आणि निदान १० टक्के घरांत जोडणी असली पाहिजे.

आमच्या मते स्वतंत्र भारताच्या पायाभूत सुविधांच्या इतिहासातले हे फार महत्त्वाचे वाक्य आहे, आणि फार थोड्यांना ते माहीत आहे. 'गाव' म्हटल्यावर त्यात आपली वस्ती आपोआप येत नाही, ही कबुली खुद्द सरकारने लेखी दिली आहे. १० टक्क्यांची अट किती अपुरी होती तेही पुढे दिसले. घराघरात वीज नेण्यासाठी २०१७ साली सौभाग्य नावाची वेगळी योजना काढावी लागली. एप्रिल २०१८ मध्ये देशातले शेवटचे गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली तेव्हाही घरांचे काम चालूच होते.

आता ब्रॉडबँड. २५ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या भाषणाला बरोबर ६८ वर्षे झाली त्या दिवशी (योगायोगच, पण आम्हाला तो आवडतो), केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या, अंदाजे खर्च २० हजार कोटी. पैसा कुठून आला? २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचे ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीत जमा होतात. कंपन्या ते गिऱ्हाइकाकडूनच वसूल करतात, तेव्हा आपल्या प्रत्येक रिचार्जमधला वाटा त्यात आहे. दोन वर्षांची मुदत हवेत विरली. २०१५ साली योजनेला भारतनेट हे नवे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०१७ मध्ये एकूण खर्चाचा आकडा ४२ हजार कोटींवर गेला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर झाले.

एवढा पैसा खर्च होऊन तार कुठे येते? तालुक्याच्या एक्सचेंजमधून निघालेली फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयातल्या एका डब्यात येऊन थांबते. डबा चालायला वीज लागते, वीज गेली तर बॅटरी लागते, आणि कार्यालय उघडे असावे लागते. पंचायतीपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर आरंभी बाजारावर सोडून दिले होते. सेवा पुरवठादार येतील, केबलवाले येतील, कुणीतरी धंदा म्हणून जोडणी देईल. आणि धंदा करणारा पैसे देणाऱ्याच्या गल्लीत आधी जातो. गावाच्या नकाशात पंचायत कार्यालय कुठे आहे आणि आपली वस्ती कुठे आहे, हे आम्ही या ब्लॉगच्या वाचकांना सांगायची गरज नाही. विजेच्या व्याख्येतली १९९७ पर्यंतची चूक इथे जशीच्या तशी परत आली आहे. 'पंचायत सेवेसाठी तयार' असा शेरा पडला की गाव जोडले गेले. वस्तीचा शब्द नाही, घरांची टक्केवारी नाही.

वेगाच्या व्याख्येचाही असाच खेळ झाला. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ते ५१२ झाले, आणि २ एमबीपीएस व्हायला २०२३ साल लागले. व्याख्या जितकी खाली ठेवावी तितके ब्रॉडबँडधारक कागदावर वाढतात.

कुणी म्हणेल, हे सगळे काळाच्या ओघात भरून निघेल, वेगवान इंटरनेट आले की सगळ्यांचेच भले होईल. या समजुतीचा नॉर्वेत चांगला पडताळा झालेला आहे. तिथल्या सरकारने दोन हजारच्या दशकात सार्वजनिक कार्यक्रमातून ब्रॉडबँड पसरवले. पैसा एकदम नसल्याने वेगवेगळ्या नगरपालिकांत ते वेगवेगळ्या वर्षी पोचले, म्हणून परिणाम मोजता आला. अकरमन, गार्डर आणि मोगस्टाड यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कंपन्यांत ब्रॉडबँड आल्यावर उच्चशिक्षित कामगारांची उत्पादकता वाढली, त्यांची मजुरीही वाढली. कमी शिकलेल्यांची मात्र घसरली, कारण ठरावीक साच्याचे काम यंत्र करू लागले. हे घडले नॉर्वेसारख्या देशात, जिथे शाळा सर्वांना खुली आहे आणि कल्याणकारी राज्य भक्कम आहे. मग ज्या समाजाला शिकण्यावरच शतकानुशतके बंदी होती, त्याच्या बाबतीत बाजारावर सोडलेले ब्रॉडबँड काय करील? आधीच पुढे असलेल्याला ते आणखी पुढे ढकलील. या अभ्यासावरून 'ब्रॉडबँड नको' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ब्रॉडबँडचा लाभ शिक्षणाच्या वाटपाप्रमाणे होतो, एवढे त्यातून कळते. आणि आपल्याकडे शिक्षणाचे वाटप कशाप्रमाणे झाले आहे ते सर्वांना माहीत आहे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरी भागात ४२ टक्के. संगणक ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के घरांत. यानंतर दोनच वर्षांनी कोरोना आला आणि शाळा मोबाइलच्या पडद्यावर गेली. आपल्या वस्त्यांतून एका फोनवर तीन भावंडे आणि फोन बापाच्या खिशात, तो मजुरीवर, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले.

"आता डाटा स्वस्त झालाय, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग फायबरचे काय घेऊन बसलात?" असे आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. सप्टेंबर २०१६ नंतर डाटा स्वस्त झाला हे खरे. पण मोबाइलवर रील बघणे आणि मोबाइलवर काम करणे यात फरक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कागदपत्रांसह भरणे, ऑनलाइन परीक्षा देणे, अकाउंटिंग किंवा डिझाइनचे काम घरून करणे, आपल्या बचतगटाचा माल परगावी विकणे, यांना अपलोडचा वेग लागतो, मोठा पडदा लागतो, मध्येच न तुटणारी लाइन लागते. आणि ज्या टॉवरवरून मोबाइलची रेंज येते तो टॉवरही मागे फायबरवरच उभा असतो. दुसरे मित्र म्हणतात, आधी जमीन, रेशन, अट्रॉसिटीचा न्याय, मग इंटरनेट. त्यांच्यासाठी आम्ही १९४३ ची तारीख पुन्हा एकदा समोर ठेवतो.

आणि तसेही, इंटरनेट आपल्याला नको म्हणून थांबत नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मोबाइल ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो काढून चढवायचा. रेंज नसेल, ॲप अडकले, तर घाम गाळूनही हजेरी लागत नाही आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. सरकारच्या बाजूने ही कार्यक्षमता असेल. मजुराच्या बाजूने ही चावडीवरची जुनी हजेरीच आहे, फक्त आता पाटलाच्या जागी पडदा आला.

मालकीचा मुद्दा राहिला. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ते राज्यघटनेतच लिहावे अशी मागणी केली. आज फायबर हा तसाच उद्योग आहे. सरकारी दूरसंचार खात्याने आणि पुढे २००० साली झालेल्या बीएसएनएलने आपल्या समाजातल्या अनेक घरांना पहिली पक्की नोकरी दिली. लाइनमन, ऑपरेटर, ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर. आरक्षण होते म्हणून. २०२० च्या जानेवारीअखेर या कंपनीतून एका दिवसात सुमारे ७८ हजार ५०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. फायबर टाकण्याचे, सांभाळण्याचे काम आता मोठ्या प्रमाणात ठेकेदारांकडे आहे आणि ठेक्यात आरक्षण नसते. चर खणायला आपला माणूस चालतो, तो रोजंदारीवर. शेवटची जोडणी देण्यासाठी गावपातळीवर 'उद्योजक' नेमून उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत आली आहे. त्याला भांडवल लागते, छत लागते, चार घरांत मुक्त प्रवेश लागतो. आपल्या मुलाने राउटर बसवायला कुणाच्या माजघरात पाऊल टाकायचे, हा प्रश्न काही गावांत अजून सुटलेला नाही.

सुधारित भारतनेटमध्ये पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी द्यायचे ठरले आहे, आणि पंचायतीबाहेरची गावेही मागणीनुसार जोडायची आहेत. 'मागणीनुसार' हा शब्द ध्यानात ठेवा. मागणी कागदावर कोण करणार? महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तिथे उठून एवढे विचारता येते: पंचायतीतला फायबरचा डबा चालू आहे की बंद? असल्यास गेल्या वर्षी तो किती दिवस चालला? गावात घरगुती जोडण्या किती आणि त्यातल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीत किती? शाळा, अंगणवाडी जोडली आहे का, आणि वस्तीतल्या समाजमंदिराला, बुद्धविहाराला, अभ्यासिकेला जोडणी का नाही? वस्ती विकासाचा जो निधी येतो त्यातून रस्ता नि गटार होते, तर त्याच चरातून फायबरची नळी का जाऊ नये? आणि ठरावात २००४ ची विजेची व्याख्या जोडावी, म्हणजे वस्तीचा उल्लेख व्याख्येत करता येत नाही असे म्हणणाऱ्या ग्रामसेवकाला वाचायला काहीतरी मिळेल.